देव सहा वेळा जेवला ते वर्ष

माझ्या आजाराचं नाव मी लोकांना सांगायचं सोडून दिलंय. सांगितलं की ते पुन्हा विचारतात, आणि पुन्हा सांगितलं की म्हणतात, "म्हणजे शुगरच ना?" शुगर नव्हे, शुगरच्या उलटं. रक्तातली साखर अचानक तळाला जायची. कारण माझ्याच रक्तात होतं, पण ते सापडायच्या आधी माझं पोट उघडायचं जवळजवळ ठरलं होतं. असाच त्रास असलेल्या कुणाच्या हाती हे पडलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहिते. एरवी मला लिहिण्याची हौस नाही.

बरी होऊन आता काही वर्षं झाली. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा होत्या, आता नाहीत. ते वर्ष आठवलं की भीती नंतर आठवते, आधी तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास येतो. आजारपणाची अशी आठवण इतरांना येते का, माहीत नाही. मला येते.

प्रसादाचं घर

आम्ही परभणीचे. हे भिक्षुकी करतात. मी त्यांच्या यजमानांकडे सोवळ्यातला स्वयंपाक करायची. सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्ध. पन्नास पानांचं पुरण एकटीनं उरकून संध्याकाळी घरी येऊन पुन्हा वरण-भात लावणारी बाई मी. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, त्यामुळं घरात हे, माई आणि मी अशी तिघंच.

असल्या घरात गोडाला तोटा नसतो. रोज कुठून तरी शिरा यायचा, पेढे यायचे, खडीसाखरेच्या पुड्या यायच्या. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. माईंना डायबेटीस, रोज इन्सुलिन घ्यायच्या, तरी जिभेवर कण ठेवून बाकीचा माझ्या हातावर द्यायच्या. "तू तरणी आहेस, तुला पचतंय." मी तेव्हा पन्नाशीला आलेली.

माईंचा दुसरा नियम म्हणजे चुलीवरून काहीही नवं उतरलं की ते आधी देवापुढं, मग माणसापुढं. हे पूजा सांगून यायचे दुपारी एक-दोनला. तेव्हा नैवेद्य व्हायचा, मग पानं. तोवर मी चहावर. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं, त्याचा मला कधी त्रास झाला नव्हता.

श्रावणात त्रास सुरू झाला. हात कापायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढं सगळं पिवळं व्हायचं. बोलायला जावं तर भलताच शब्द यायचा. एकदा मी श्रीखंडाला मोहरीची फोडणी दिली. हे स्वयंपाकघरात आले आणि पातेल्यात बघत उभे राहिले.

"हे काय करायलीस?"

"फोडणी."

"कशाला?"

मी खाली बसले. माईंनी दोन पेढे माझ्या तोंडात कोंबले. थोड्या वेळात डोकं ठिकाणावर आलं आणि श्रीखंडाकडे बघून मलाच हसू फुटलं.

"पित्त आहे गं ते. बघ, प्रसाद पोटात गेला की कशी सावरलीस," माई म्हणाल्या.

तेव्हापासून तोच इलाज ठरला. कापरं भरलं की शिरा नाहीतर पेढा, काहीच नसलं तर वाटीभर साखरपाणी. लगेच बरं वाटायचं. दोन-तीन तासांनी पुन्हा यायचं, आणि आधीपेक्षा जोरात. मग पुन्हा प्रसाद. आमच्या घरातल्या देवाच्या शक्तीबद्दल त्या दिवसांत कुणालाच शंका उरली नव्हती.

पेडगावची वास्तुशांत

पेडगावला एका शेतकऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी मागच्या अंगणात मोठ्या कढईवर बुंदी पाडायलेली. पुढचं मला आठवत नाही, इतरांनी सांगितलेलं सांगते. मी झारा हातात धरून कढईकडे नुसती बघत राहिले, मग कुणाला तरी "गाडी आली का?" असं विचारलं आणि आडवी झाले. कढईच्या उलट्या बाजूला पडले, हे नशीब. बाया धावल्या. एकजण म्हणाली, "अंगात आलंय, हळदीकुंकू आणा." दुसरी शहाणी होती, तिनं गुळाचं पाणी आणलं.

हे आत होमापुढं बसलेले. ते मंत्र अर्धा सोडून उठून आले. आमच्या संसारात ह्यांना मी मंत्र अर्धा सोडताना तेवढंच एकदा ऐकलं, तेही दुसऱ्यांच्या तोंडून.

परभणीला आमच्या डॉक्टरांनी बोटाला टोचून बघितलं. गूळपाणी पिऊनही आकडा इतका खाली होता की त्यांनी दुसरं मशीन मागवलं. "बाई, एवढ्या साखरेवर माणूस उभं राहत नाही. तुमी बुंदी कशी पाडायलात?" पुढच्या तपासण्यांत कळलं की रक्तात इन्सुलिन भलतंच जास्त आहे. किती, तर त्यांच्या अंदाजाच्या पार पलीकडं. त्यांनी सांगितलं, "छत्रपती संभाजीनगरला जा. आणि जाताना मागच्या सीटवर एकट्या बसू नका."

आमच्यात अजून औरंगाबादच म्हणतात. निघताना माईंनी डबा दिला. त्यात काय होतं हे सांगायला नको. पेढे.

उपाशी ठेवण्याचा दवाखाना

तिथं आधी मला मुद्दाम उपाशी ठेवलं. साखर किती वेळात खाली जाते ते बघायला. मी नर्सला म्हटलं, "मी हरतालिका निर्जळ करते, मला कसलं उपाशी ठेवताय?" ती म्हणाली, "बघू या मावशी." दुपार व्हायच्या आत मला सलाईन लावावं लागलं. इतक्या वर्षांच्या व्रतांची ही फलश्रुती.

शेजारच्या खाटेवर पालमकडची जनाबाई होती, थायरॉईडच्या गाठीसाठी आलेली. मी पालमचीच माहेरवाशीण. माझे वडील तिथं शाळामास्तर होते. हे कळल्यावर तिनं माझा ताबाच घेतला.

"मास्तरांची पोरगी व्हय? आमच्या दिराला लय हाणलंय तुमच्या बापानं."

"मग सुधारला का?"

"न्हाई की. पर हिशेबात पक्का हाय."

आमच्या आईच्या भाकरीचे, अंबाडीच्या भाजीचे, पालमच्या बाजारातल्या भज्यांचे विषय निघायचे. कधी मी तपासणीसाठी उपाशी, कधी जनाबाई ऑपरेशनसाठी उपाशी, आणि दोघी दिवसभर खाण्यावर बोलायचो. वॉर्डातल्या बाकीच्या बायका बेजार झाल्या. मला मात्र लग्नानंतर इतक्या निवांत गप्पा कधी मारल्याचं आठवत नाही. सकाळी रक्त काढणारा यायचा, मग चहा, झाडणं, डॉक्टरांची फेरी. मला कुणाचं काही करायचं नव्हतं. भीती होती, पण पडून राहायची सवय नसलेल्या बाईला पडून राहणंसुद्धा नवलाचं वाटतं.

माईंचा प्रश्न

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं ह्यांना बाहेर बोलावलं. हे परत आले ते माझ्याकडे बघेनातच. माईंना फोन लावला आणि जिन्यात जाऊन बोलत बसले. मग फोन माझ्या हातात दिला.

माई आडपडदा ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. "खरं सांग. माझं इंजेक्शन तू टोचून घेतलंस का?"

"कशाला घेऊ?"

"मला काय माहीत? डॉक्टर विचारायलाय म्हणे. घरात कुणाला इन्सुलिन आहे का, ह्या बाईला काही दुःख आहे का. तुला आहे का काही दुःख?"

"माई, दुःख असतं तर मी तुमच्या फ्रीजपर्यंत गेले असते का? विहीर जवळ आहे."

पलीकडं त्या खळखळून हसल्या. पण मी फोन ठेवल्यावर उशीत तोंड घातलं. रोज सकाळी माईंच्या पोटाला सुई मी लावायची. कित्येक वर्षं. त्याच सुईवरून माझ्यावर संशय. आणि हे नुसते उभे, ना हो ना नाही. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. हे घरी जातील त्या दिवशी आईला सुई लावायचं काम आता ह्यांच्याकडं होतं, एरवी शेजारीण लावायची. माईंनी मला फोनवर सांगितलं, "हा सुई लावतो का खिळा ठोकतो तेच कळंना. लवकर ये."

दोन दिवसांनी दुसऱ्या एका रक्ततपासणीवरून दिसलं की इन्सुलिन बाहेरून आलेलं नाही, माझ्याच शरीरात तयार झालेलं आहे. तरुण डॉक्टर येऊन "सॉरी आई" म्हणाला. ह्यांनी त्या दिवशी संत्री सोलून दिली, शिरा काढून, बिया काढून. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

ज्याला मुहूर्त नसतो

मग पोटाचा स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या शेपटाकडं एक बारीक सावली दिसली. गाठ असेल, तीच इन्सुलिन सोडत असेल, तेवढा भाग काढून टाकू, असं सर्जन म्हणाले. धोका विचारला तर तोही त्यांनी सरळ सांगितला. मोठं ऑपरेशन, बरं व्हायला वेळ, आणि नंतर माईंसारखी सुई कायमची लागण्याची शक्यता.

माई तोवर हट्टानं गाडी करून दवाखान्यात आल्या होत्या. त्या ह्यांना म्हणाल्या, "पंचांग बघ की. चांगला दिवस काढ."

हे म्हणाले, "आई, ह्याला मुहूर्त नसतो."

मी खरी घाबरले ती इथं. आमच्या घरी मिक्सर आणायलासुद्धा ह्यांनी पंचांग उघडलेलं आहे. आख्ख्या गल्लीला दिवस काढून देणारा माणूस माझ्या वेळेला पंचांगाला हात लावेना. का, ते मी विचारलं नाही. त्यात काही वाईट निघालं तर काय, या भीतीनं ह्यांनी ते उघडलंच नव्हतं, हे मला चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही तिघं त्या खाटेवर दाटीवाटीनं बसलो होतो. जनाबाई ऑपरेशन होऊन परत आलेली, गळ्याला पट्टी. बोलायची बंदी असताना ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भिऊ नगा. माझा तर गळा चिरलाय, मी हाय का न्हाई?"

ताकदीची गोळी

तिथल्या हार्मोनच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. त्यांना ती सावली पटत नव्हती. इन्सुलिनचा आकडा गाठीच्या मानानं फारच मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं. दुपारच्या फेरीला त्या माझ्याशी बोलत उभ्या होत्या. मी जेवण उरकून सवयीनं पिशवीतली डबी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले.

"ही कसली?"

"ही होय? ही ताकदीची."

"तुम्ही तर काहीच औषध चालू नाही म्हणालात."

"औषध नाहीच ते मॅडम. ताकदीची गोळी आहे. उभं राहून राहून पायाला मुंग्या यायच्या म्हणून आषाढापासून घेते."

माईंनी दुजोरा दिला. "औषध कुठलं? ताकदीची आहे ती. मी बी घ्यायची आधी." ह्यांनीही मान हलवली. परभणीपासून इथपर्यंत 'काही औषध चालू आहे का' हा प्रश्न आम्हाला जो तो विचारत होता, आणि आम्ही तिघंही मनापासून 'नाही' म्हणत होतो. आमच्याकडे ताप उतरवतं ते औषध. ताकदीची गोळी म्हणजे खाण्यातलीच एक वस्तू, खारकेसारखी.

मॅडमनी पाकीट उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली. मग त्या खाटेवर बसल्याच. एवढी मोठी डॉक्टर खाटेवर बसलेली बघून माई उठून उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन थांबवू. एक रक्त बाहेर पाठवते. ते येईपर्यंत ही गोळी बंद, आणि पेढेही बंद."

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. ते कसे गेले ते लिहीत नाही, ज्यांना रिपोर्टची वाट बघायची सवय आहे त्यांना माहीत आहे. रिपोर्टमध्ये आलं की माझ्या रक्तात इन्सुलिनला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी भरपूर आहेत. अशा गोळीतल्या एका घटकानं एखाद्याच्या शरीरात त्या तयार होतात. सगळ्यांना होत नाही. मला झालं.

मॅडमनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. माझ्या लहानपणी पालमला बाजाराच्या दिवशी एस.टी. खच्चून भरून यायची. कधीकधी ड्रायव्हर थांब्यावरची गर्दी बघून गाडी थांबवायचाच नाही, माणसं आतच अडकून पुढं जायची आणि फिरून यायची तोवर बाजार उठलेला असायचा. इन्सुलिनचं काम जेवल्यावर रक्तातली साखर उचलायचं. माझ्याकडे ते बाहेर आलं की अँटिबॉडीच्या गाडीत चढायचं आणि अडकायचं. काम होत नाही म्हणून शरीर आणखी पाठवायचं, तेही गाडीत. दोन-तीन तासांनी गाडी एकदम रिकामी व्हायची. तोवर साखरेचा बाजार उठलेला. मग ही सगळी मंडळी उरलीसुरली साखर घेऊन जायची, आणि मी श्रीखंडाला फोडणी द्यायची.

"म्हणजे पेढा खाल्ला की गाडीत आणखी माणसं भरायची?" मी विचारलं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. सावलीचं काय, तर ती नुसती सावली होती. पुढच्या स्कॅनमध्ये ती तेवढीच होती, आणि तिनं कधी कुणाचं वाईट केलं नाही.

माई मान खाली घालून बसल्या होत्या. "म्हणजे मीच हिला प्रसाद देऊन देऊन..."

"तेव्हा तुम्ही गोड दिलं नसतं तर या कोमात गेल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "वाचवलंत पण तुम्हीच." माईंना पहिलं वाक्य पुरलं. दुसरं त्यांनी परभणीत सगळ्यांना सांगितलं.

सहा वेळा

इलाज साधा होता. गोळी बंद, गोड बंद. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, ताक. एकदम पोटभर नाही आणि उपाशी तर मुळीच नाही. कापरं भरलं तर मात्र ग्लुकोज घ्यायचंच, आणि त्याच्या मागून लगेच भाकरी. एवढ्यानं नाही भागलं तर जोरदार औषधं होती. मला ती लागली नाहीत.

अडचण माईंच्या नियमाची होती. सकाळी सातला मी काय खाणार? हे म्हणाले, "शिळी भाकरी खा, तिला नैवेद्य लागत नाही." माई कडाडल्या, "आजारी बाईला शिळं घालतोस? मंत्र म्हणतोस का नुसता हातवारे करतोस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भाकरी थापल्याचा आवाज आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माई ओट्याशी उभ्या होत्या. अर्ध्या तळहाताएवढी भाकरी त्यांनी देवापुढं ठेवली, घंटा वाजवली, आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. दहाला पुन्हा. दुपारी तर होतंच. चारला, दिवेलागणीला, झोपताना. "तू सहादा खाणार तर देव सहादा जेवील. त्याला कुठं पित्त होतंय?"

मला सगळ्यात चारचं खाणं आवडायचं. हे बाहेर असायचे. स्वयंपाकघरात आम्ही दोघी जमिनीवर बसायचो, मध्ये एक भाकरी आणि येसराची आमटी. माई त्यांच्या माहेरचं, चुडाव्याचं बोलायच्या. स्टेशनात गाडी आली की पोरं कशी धावायची, त्यांनी एकदा धावत्या गाडीतल्या बाईला पेरू कसा दिला, आणि ती बाई अजून आठवते. तीस वर्षं एका घरात राहून यातलं मी काही ऐकलेलं नव्हतं. दोघी सदा कामात, बोलणार कधी? थोडं-थोडं खाण्यानं माईंची साखरही सुधारली. परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय केलंत?" तर म्हणाल्या, "सुनेचं पथ्य."

ज्यांना सांगायचंय त्यांना

औषध विचारलं की घरातली प्रत्येक गोळी सांगा. ताकदीची, केसांची, सांध्यांची, शेजारणीनं दिलेली, पाल्याची पुडीसुद्धा. कुणी पोट उघडायचं म्हटलं तर अँटिबॉडी बघितल्या का, एवढं विचारा. विचारायला काही लागत नाही. खिशात ग्लुकोज ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की भलतं बोलायला लागले तर आधी तेच द्या. आणि घरच्यांनी संशय घेतला तर रागवा, पण फार दिवस नाही.

रिपोर्ट

वर्ष होत आलं तेव्हा शेवटचा रिपोर्ट आला. अँटिबॉडी जवळपास उरल्याच नव्हत्या. साखर कित्येक महिने खाली गेली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आता पथ्य सोडा. चारचौघांसारखं जेवा. फक्त ती गोळी जन्मात घेऊ नका." मी माझ्या पोटावरून हात फिरवला. कुठंही टाका नव्हता.

घरी आलो तर माई दारातच.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"सुटले माई. बरी झाले. आता सहादा खायची गरज नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. इतक्या सहज, की मला जरा लागलंच. हे पंचांग घेऊन बसले, उद्यापासून कुणाकडे कधी पूजा ते बघत. मी साडी बदलली, धुणं काढलं. सगळं आधीसारखं सुरू झालं होतं, आणि मला का कुणास ठाऊक, घर मोठं वाटत होतं.

चारला घंटा वाजली.

मी स्वयंपाकघरात गेले. देवापुढं तळहाताएवढी गरम भाकरी, आणि जमिनीवर समोरासमोर दोन पाट.

"माई, रिपोर्ट आलाय. आता कशाला?"

"तुझा आलाय," माईंनी ताटली पुढं ओढली. "देवाचा कुठं आलाय अजून? बस."